चक्रीवादळाच्या तयारीत एआर-१५ कशाला?

जून उजाडला की ह्यूस्टनमधल्या मराठी घरांत याद्या निघतात. पाण्याचे कॅन, बॅटऱ्या, जनरेटरसाठी पेट्रोल, महिन्याभराची औषधं, पासपोर्ट ठेवायला वॉटरप्रूफ पिशवी. अटलांटिकच्या चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यामुळे यात नवल काही नाही. पण २०२० नंतर या याद्यांमध्ये एआर-१५ ही रायफलही दिसू लागली आहे. ग्रीन कार्ड झालेली, नुकतंच घर घेतलेली, तिशी-पस्तिशीतली मुलं गणपतीच्या जेवणात बाजूला घेऊन विचारतात, "काका, एआर घ्यायची म्हणतोय. कुठली घेऊ?" सोळा इंची नळी बरी का, काडतूस .२२३ चं की ५.५६ चं, मॅगझिनं किती ठेवावीत, हजार काडतुसं पुरतील का. घरात लहान मूल आहे, आईवडील भारतातून सहा महिन्यांसाठी आलेत, दिवे गेले आणि पोलीस यायच्या आत कोणी दार फोडलं तर काय करायचं, ही काळजी खरी आहे. तिची थट्टा करणाऱ्यांशी माझं जमत नाही.

माझं उत्तर मात्र ठाम आहे: आपत्तीच्या तयारीसाठी म्हणून ही रायफल घेऊ नका. मी रेंजवर जातो, ती चालवलेली आहे, तेव्हा हे बंदुकीच्या तिटकाऱ्यातून आलेलं मत नाही.

आधी त्या हत्याराबद्दल नीट बोलू, कारण विरोध करणारेच पुष्कळदा चुकीचं बोलतात आणि मग समोरचा ऐकेनासा होतो. युजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकात आर्मालाइट कंपनीत ही रायफल घडवली. १९५९ मध्ये तिचे हक्क कोल्टकडे गेले, लष्कराने तिची एम-१६ केली आणि १९६४ पासून कोल्टने नागरी आवृत्ती विकायला काढली. लष्करी रायफलीत चापाच्या एका ओढीत गोळ्यांची फैर झाडता येते. नागरी आवृत्तीत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पुढची आपोआप चेंबरमध्ये येऊन बसते आणि चाप पुन्हा ओढावा लागतो. १९९४ ते २००४ ही दहा वर्षं अशा बऱ्याच रायफलींच्या नव्या विक्रीवर आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवर केंद्रीय बंदी होती. मुदत संपल्यावर अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ती वाढवली नाही. आज देशात अशा दोन कोटींहून जास्त रायफली असाव्यात, असा खुद्द बंदूक उद्योगाच्या संघटनेचा अंदाज आहे.

तयारीवाले लोक हीच का निवडतात, तेही समजण्यासारखं आहे. वजन तीन किलोच्या आसपास, खांद्याला धक्का कमी, शिकायला सोपी. एका कंपनीचा सुटा भाग दुसऱ्या कंपनीच्या रायफलीला बसतो. काडतुसं गावोगावी मिळतात. यंत्र म्हणून यातला प्रत्येक मुद्दा बरोबर आहे. माझा आक्षेप आहे तो 'कशासाठी' या प्रश्नावर, कारण आपत्तीत माणसं कशाने मरतात याची नोंद उपलब्ध आहे आणि ती वाचायचे कष्ट रायफल घेणारा सहसा घेत नाही.

आपल्या दाराशीच घडलेलं पाहा. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी चक्रीवादळ आलं. राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राच्या अहवालात टेक्सासमधले थेट मृत्यू किमान ६८ आहेत आणि त्यातले तीन सोडले तर सगळे पावसाच्या पुरात गेलेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यभर वीज गेली, पारा शून्याच्या कितीतरी खाली उतरला. सरकारी आकडा २४६ मृत्यूंचा, आणि त्यातले बहुतेक थंडीने गारठून मेले, तेही पुष्कळदा स्वतःच्या घरात. काही जण गॅरेजमध्ये चालू ठेवलेल्या गाडीच्या नाहीतर जनरेटरच्या धुराने गेले. त्याच आठवड्यात शुगर लँडमध्ये, जिथे आपली कितीतरी मंडळी राहतात, एका घराला आग लागून आजी आणि तीन नातवंडं दगावली. वीज नव्हती म्हणून उबेसाठी त्यांनी फायरप्लेस पेटवली होती. जुलै २०२४ मध्ये बेरिल चक्रीवादळ आलं आणि सेंटरपॉइंट या वीज कंपनीच्या बावीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. वादळ ओसरल्यानंतरही उकाड्याने माणसं मेली.

टेक्सासबाहेर तेच. प्वेर्तो रिकोत २०१७ च्या मारिया वादळाचे बळी आधी ६४ सांगितले गेले. पुढे झालेल्या अभ्यासातून निघालेला २,९७५ हा आकडा सरकारने स्वीकारला. वीज नाही म्हणून ऑक्सिजनचं यंत्र बंद, रस्ता नाही म्हणून डायलिसिस चुकलेलं, इन्सुलिन ठेवायला फ्रिज नाही, असे ते मृत्यू. २००५ च्या कॅट्रिना वादळात लुइझियाना राज्यात गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे पंचाहत्तरीच्या पुढचे होते. पाणी चढत असताना ज्यांना माळ्यावर चढता आलं नाही, ते गेले.

यातला कोणता मृत्यू रायफलीने टळला असता?

त्या २०२१ च्या गोठवणाऱ्या आठवड्यातली आमची गल्ली सांगतो. पाइप फुटायला लागले तेव्हा समोरचे एक गृहस्थ, रिफायनरीतून निवृत्त झालेले, हातात लांब टी-आकाराची लोखंडी चावी घेऊन बाहेर पडले. पदपथाशेजारच्या मीटरच्या खड्ड्यातला कॉक फिरवून घराचं पाणी बाहेरूनच बंद करायची ती चावी हार्डवेअरच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळते. पण त्या रात्री आख्ख्या गल्लीत ती एकट्या त्यांच्याकडे होती. आमच्या दिवाणखान्याचं छत भिजून लोंबायला लागलं होतं, गुलाबी इन्सुलेशनचे ओले पुंजके गालिच्यावर पडत होते. त्यांनी बर्फ खरवडून झाकण उघडलं, गुडघे टेकून कॉक बंद केला आणि काही न बोलता पुढच्या घराकडे गेले. आमची शेगडी गॅसची, म्हणून चालू होती. ज्यांच्याकडे विजेच्या चुली, त्यांच्यासाठी आमच्याकडे खिचडी शिजली आणि शेजारच्या व्हिएतनामी बाईंकडे भात. त्या गृहस्थांच्या तिजोरीत बंदुका भरपूर आहेत, हे मला फार उशिरा कळलं. त्या आठवड्यात ती तिजोरी उघडायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

आता यावर कोणी म्हणेल की तुमची गल्ली चांगली होती, सगळीकडे तसं नसतं. बरोबर आहे. म्हणून विरुद्ध बाजूचं सर्वात भक्कम उदाहरण घेऊ: लॉस एंजेलिस, १९९२. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस २९ एप्रिलला निर्दोष सुटले आणि शहर पेटलं. साठाहून जास्त माणसं मेली. कोरियाटाउन पोलिसांनी जवळपास वाऱ्यावर सोडलं. आयुष्याची पुंजी दुकानात घातलेले कोरियन स्थलांतरित छपरांवर रायफली घेऊन उभे राहिले आणि त्यातली काही दुकानं वाचली. आपल्यासारख्या स्थलांतरितांना ते छायाचित्र फार जवळचं वाटतं आणि रायफल घेणारी मुलं हमखास तेच दाखवतात. राज्ययंत्रणा पाठ फिरवू शकते, हा त्यातला धडा मी नाकारत नाही.

पण ती गोष्ट पुरी सांगायला हवी. ते एकएकटे नव्हते. कोरियन भाषेतलं रेडिओ केंद्र रात्रंदिवस निरोप देत होतं, कुठे मदत हवी ते सांगत होतं, आणि कोरियातली सक्तीची लष्करी सेवा करून आलेले पुरुष त्यांच्यात पुष्कळ होते. एवढं असूनही, दुकानं वाचवायला मदत म्हणून धावलेला १८ वर्षांचा एक कोरियन मुलगा गोळी लागून मेला. लुटारू समजून गोळी झाडणारे त्याच्याच समाजाचे दुकानदार होते. गोंधळात, भीतीत, समोरचा कोण हे ओळखण्याची ही अवस्था अशा माणसांची, ज्यांच्यातल्या पुष्कळांना हत्यार हाताळण्याचं शिक्षण मिळालेलं होतं.

न्यू ऑर्लिन्समध्ये कॅट्रिनानंतर हेच मोठ्या प्रमाणावर झालं. दुकानं फुटली, हे खरं. पण लोकांनी आसरा घेतलेल्या सुपरडोम स्टेडियममध्ये शेकडो प्रेतं आहेत, खून पडताहेत, या बातम्या जगभर गेल्या. शेवटी तिथे सहा मृतदेह मिळाले आणि त्यातला एकही खून नव्हता. या अफवांनी भरलेल्या डोक्यांनी लोक बंदुका घेऊन बसले होते. ४ सप्टेंबर २००५ ला डँझिगर पुलावर पोलिसांनी नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या, दोन मेले, चार जखमी झाले. अल्जीअर्स पॉइंट हा भाग बुडाला नव्हता. तिथल्या काही गोऱ्या रहिवाशांनी रस्त्यावर अडथळे उभारले आणि सुटकेसाठी तिकडून जाणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांवर गोळ्या चालवल्या. त्यातल्या एकाला तेरा वर्षांनी न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला. त्या लोकांनी तयारी उत्तम केली होती. हत्यारं होती, दारूगोळा होता, शेजाऱ्यांची एकी होती.

हे वाचताना मला नेहमी वाटतं की आपण स्वतःला चुकीच्या जागी कल्पतो. आपली मुलं स्वतःला त्या अडथळ्याच्या आत उभी पाहतात. पुरात गाडी बंद पडली, अंधारात एक सावळा माणूस आडवाट करून अनोळखी वस्तीतून चालत निघाला, तर त्या वस्तीच्या लेखी तो कोण? ओलेथ, कॅन्सस इथे २०१७ साली एका भारतीय अभियंत्याला बारमध्ये बसलेला असताना गोळी घातली गेली, तेव्हा ना वादळ होतं ना वीज गेली होती. हातात रायफल असलेला तसाच माणूस स्वतःच्या अंगणात उभा आहे आणि पोलिसांची गाडी वळणावर येते आहे, हेही डोळ्यांसमोर आणून पाहावं.

एका मित्राच्या मुलाबरोबर मी बंदुकीच्या दुकानात गेलो होतो. काउंटरमागे म्हातारा विक्रेता होता, शांत बोलणारा. या मुलाने भिंतीवरची एक रायफल दाखवली, किंमत विचारली. म्हाताऱ्याने ती खाली काढण्याआधी विचारलं, "मुलं कुठल्या खोलीत झोपतात?" मुलगा हाताने हवेत घराचा नकाशा काढू लागला: हे पुढचं दार, हा पॅसेज, ही आमची खोली, आणि पॅसेजच्या टोकाला... तिथे त्याचा हात थांबला. आपल्या खोलीच्या दारातून पुढच्या दारावर नेम धरायचा म्हणजे मधल्या दोन भिंतींपलीकडे त्याच्या मुलीचा पलंग होता. इथली घरं लाकडी चौकटीची, आतल्या भिंती अर्ध्या इंचाच्या ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या पातळ फळ्यांच्या. ५.५६ ची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने नळीतून निघते. हलकी, फुटणारी गोळी निवडली तर ती भिंतींमध्ये पिस्तुलाच्या गोळीपेक्षा लवकर फुटते, असं जाणकार सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण ड्रायवॉल कुठल्याच गोळीला अडवत नाही. शिवाय बंद खोलीत त्या आवाजाने कान बधिर होतात, आणि त्यानंतर पोरगी रडतेय की चोर ओरडतोय, काही कळायचं नाही. त्या दिवशी तो रायफल न घेता बाहेर पडला. त्या विक्रेत्याबद्दल माझ्या मनात आदर आहे.

वादळ आठवडाभराचं असतं, रायफल घरात चाळीस वर्षं राहते. आपत्तीचा विचार करणारा या मधल्या वर्षांचा विचार करत नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यात पिस्तुलांचा वाटा मोठा आहे आणि खुनांमध्येही ज्ञात नोंदींत रायफलींचा वाटा अगदी थोडा, तीन टक्क्यांच्या आसपास. रायफलवाले हा आकडा पुढे करतात, तो करण्याचा त्यांना हक्क आहे. पण आपल्या घरांत काय चालतं ते आपल्याला ठाऊक आहे. दहावी-अकरावीतला मुलगा, वर्गात पहिल्या दहात राहण्याचा ताण, मनातलं घरी न बोलण्याची आपली सवय. ज्या घरात बंदूक आहे तिथे आत्महत्येचा धोका वाढतो, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे, कारण त्या एका वाईट रात्री साधन हाताशी असतं. सँडी हुकच्या शाळेत १४ डिसेंबर २०१२ ला २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, ती रायफल मारेकऱ्याच्या आईने कायदेशीर विकत घेऊन घरात ठेवलेली होती. तो आधी तिलाच मारून निघाला.

त्या रायफलीची जाहिरात कशी होत असे? 'तुमचं मर्दपणाचं कार्ड पुन्हा मिळालं असं समजा', या अर्थाची. मृतांच्या नऊ कुटुंबांनी जाहिरातीच्या मुद्द्यावर रेमिंग्टन या बंदूक कंपनीवर दावा लावला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली. तयारीच्या नावाखाली विकली जाणारी भीतीसुद्धा त्याच दुकानातली आहे.

ही भीती स्वतःच माणसं मारते. शिकागोत जुलै १९९५ मध्ये उष्णतेची लाट आली आणि ७३९ माणसं नेहमीपेक्षा जास्त दगावली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायननबर्ग यांनी त्या मृत्यूंचा मागोवा घेतला. एकटी राहणारी म्हातारी माणसं, दारं-खिडक्या घट्ट लावून, गुन्ह्यांच्या धास्तीने बाहेर पाऊल न टाकता, आतच गेली होती. शेजारीशेजारीच असलेल्या दोन गरीब वस्त्यांत मृत्यूचं प्रमाण कितीतरी वेगळं निघालं. जिथे रस्ता गजबजलेला, दुकानं चालू, म्हातारे चालत भाजी आणायला बाहेर पडणारे, तिथे माणसं वाचली. मुंबईकराला हे पटायला वेळ लागू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कॅट्रिनाच्या जेमतेम महिनाभर आधी, आणि त्या रात्री अनोळखी घरांनी दारं उघडून भिजलेल्या माणसांना आत घेतलं, चहा दिला. ते शहर काही कमी गुन्ह्यांचं नव्हतं.

अपवाद आहेत. पश्चिम टेक्सासमध्ये रँचवर राहणाऱ्याला शेरीफचा माणूस यायला तास लागतो, रानडुकरं पीक उखडतात, त्याच्यासाठी रायफल हे रोजचं अवजार आहे. सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये ५ नोव्हेंबर २०१७ ला गोळीबार झाला तेव्हा शेजारी राहणारा एक माणूस अनवाणी, आपली एआर-१५ घेऊन धावला आणि त्याने मारेकऱ्याला पळायला भाग पाडलं. तो नेमबाजीचा प्रशिक्षक होता. त्याच्या धैर्याला कमी लेखणं अन्याय होईल. पण टेक्सासमधल्याच युव्हाल्डीच्या शाळेत २४ मे २०२२ ला गोळीबार झाला तेव्हा ३७६ सशस्त्र अधिकारी जमले आणि मारेकऱ्याला संपवायला ७७ मिनिटं लागली, १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. गणवेशातल्या, पगारी, सराव केलेल्या माणसांचं असं झालं. वर्षातून दोनदा रेंजवर जाणारा आपला सॉफ्टवेअरवाला स्वतःबद्दल कोणत्या भरवशावर खात्री बाळगतो?

एक कायद्याची गोष्ट घाईत सांगतो, कारण ती बहुतेकांना माहीत नसते. नोकरीच्या एच-१बी, विद्यार्थ्यांच्या एफ-१ किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक नुसती हाताळणंही, शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, केंद्रीय गुन्हा आहे. मुलगा ग्रीन कार्डवाला, आणि भारतातून आलेल्या वडिलांना हौसेने रेंजवर घेऊन गेला, तर अडचणीत वडील येतात.

ज्याला आपत्तीची खरी तयारी करायची आहे, त्याने रायफल, दुर्बीण, तिजोरी आणि हजार काडतुसांचे दीड-दोन हजार डॉलर दुसरीकडे घालावेत. पूरविमा घ्यावा, तो लागू व्हायला साधारण ३० दिवस जावे लागतात, म्हणून मे महिन्यातच. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म, मीटरची ती चावी, आईवडिलांच्या औषधांचा जादा साठा. आणि डाव्या-उजव्या घरात कोण राहतं, कोणाला चालता येत नाही, कोणाकडे ऑक्सिजनचं यंत्र आहे, ते विचारून यावं. बंदूक आधीच घरात असेल तर ती कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात.

आणि सार्वजनिक प्रश्नाबद्दल गप्प बसू नये. केंद्रीय कायद्यात परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला २१ वर्षं पूर्ण असण्याची अट आहे, एआर-१५ ला मात्र १८ पुरतात; काही राज्यांनी ते वय वाढवलं आहे, टेक्सासने नाही. युव्हाल्डीच्या मारेकऱ्याने अठरावा वाढदिवस होताच काही दिवसांत दोन रायफली घेतल्या. अशा रायफलींसाठी टेक्सासमध्ये वय २१ करावं, असं विधेयक युव्हाल्डीच्या आईबापांनी राज्याच्या राजधानीला, ऑस्टिनला, खेटे घालून पुढे रेटलं. ६ मे २०२३ ला डॅलसजवळच्या ॲलनच्या मॉलमध्ये आठ जण मारले गेले, त्यात हैदराबादहून आलेली एक तरुण अभियंताही होती. दोनच दिवसांनी ते विधेयक सभागृहाच्या समितीत ८ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झालं, पण मुदतीत कामकाजाच्या यादीवर घेतलं गेलं नाही आणि तिथेच बारगळलं. टेक्सासचं विधिमंडळ विषम वर्षी, जानेवारीत भरतं. ॲलन, प्लेनो, फ्रिस्को, शुगर लँड, केटी या मतदारसंघांत आपली नागरिक झालेली मतं आता काही थोडी नाहीत. विधेयक पुन्हा येईल तेव्हा तिथल्या आमदारांच्या कचेऱ्यांत फोन करणाऱ्यांत आपणही असलं पाहिजे.